बेळगावात राहून नवी भाषा शिकायची, तर कोणती?

तिशी-चाळिशीत नवी भाषा शिकायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न येतो, 'कुठल्या भाषेला स्कोप आहे?' आणि लगेच दुसरा, 'त्यातल्या त्यात सोपी कुठली?' बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात या प्रश्नांची उत्तरं ठरलेली असतात. नर्सिंग झालंय, मग जर्मन. उद्यमबागेतल्या कारखान्यात डिझाइनला आहे, मग जर्मन किंवा जपानी. कन्नडचं नाव या यादीत सहसा येतच नाही, कारण 'ती येतेच की थोडीफार'.

मला हे दोन्ही प्रश्न उपयोगाचे वाटत नाहीत. मोठ्या वयात भाषा टिकायची तर दोन गोष्टी लागतात. एक, ती आपण न ठरवताही आठवड्यातून काही तास कानावर पडली पाहिजे. दोन, तिच्यातून उरकायचं एखादं नेमकं काम पाहिजे. ते काम एका वाक्यात वहीत लिहून काढा. 'गोकाकच्या गिऱ्हाइकाशी फोनवर भाव ठरवायचा.' 'शेताचा उतारा दुसऱ्याला न विचारता वाचायचा.' 'मडगावच्या हॉटेलांना भाजी घालायची.' 'जर्मनीत नर्स म्हणून नोकरी धरायची.' असं वाक्य लिहिता येत नसेल तर अजून क्लासची फी भरू नका. 'व्यक्तिमत्त्व विकास' हे काम नव्हे, त्याच्या जोरावर कोणी श्रावणापासून दिवाळीपर्यंत अभ्यास रेटत नाही.

आधी तासांचा हिशोब

नोकरी, दुकान, शेती, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई हे सगळं सांभाळून मोठ्या माणसाला रोज ४० मिनिटं मिळाली तरी खूप झालं. आठवड्यातले ६ दिवस धरले तर ४ तास. वर्षाला साधारण २०० तास.

आता हे २०० तास जर्मनसमोर ठेवून बघा. जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट ४५ मिनिटांच्या तासिकांत अंदाज देते. पातळ्या चढत्या क्रमाने ए१, ए२, बी१, बी२ अशा: ए१ साठी ८० ते २००, बी१ पर्यंत ३५० ते ६५०, बी२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका. बी२ म्हणजे नुसत्या वर्गात ४५० ते ६०० तास झाले. घरचा अभ्यास तेवढाच धरला तर ९०० ते १२०० तास. आठवड्याला ४ तासांच्या चालीने ही साडेचार ते सहा वर्षं होतात. हेच एका वर्षात बसवायचं तर आठवड्याला १८ ते २४ तास द्यावे लागतील. नोकरी सोडून किंवा कॉलेज संपल्या संपल्या करणाऱ्याला ते जमतं. संध्याकाळी सातला दुकान बंद करून येणाऱ्याला जमत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो, गणितच तसं आहे.

कन्नडचं गणित वेगळं पडतं, कारण आपण वहीत लिहितो त्या २०० तासांच्या पलीकडे ती बसमध्ये, बाजारात, चहाच्या गाड्यावर, बँकेच्या रांगेत फुकट ऐकायला मिळते. कोकणीचंही चोर्ला किंवा अनमोड घाटातून ये-जा करणाऱ्यांसाठी तसंच. जर्मन-जपानीला असे फुकटचे तास नाहीत, ते सगळे मोबाईलमधून मुद्दाम उभे करावे लागतात. निवड करताना पहिला फरक हा बघायचा.

कन्नड: कानाला ओळखीची, हाताला नवी

सीमाभागातल्या बहुतेक मराठी माणसांसाठी माझं उत्तर कन्नड हेच आहे. चंदगड-कोल्हापूरकडून लग्न होऊन इकडे आलेल्या मुलींसाठी तर नक्कीच.

कन्नड द्राविडी कुळातली आणि मराठी आर्य कुळातली, म्हणून ती अवघड असणार, असं सांगितलं जातं. शब्दांच्या बाबतीत ते खरं आहे, वाक्याच्या घडणीत फारसं नाही. 'ननग बेकु' म्हणजे मला पाहिजे. 'ननग ब्याड' म्हणजे मला नको. 'ननग गोत्तु' म्हणजे मला माहीत आहे. 'ननग कन्नड स्वल्प बर्तैति' म्हणजे मला कन्नड थोडी येते, तिथेही क्रियापद 'येणे' हेच. 'ऊटा माडि बंदे', जेवून आलो. 'बर्तेनि अंत हेळिदा', येतो म्हणून सांगितलं. शब्दाखाली शब्द ठेवत गेलं तरी वाक्य उभं राहतं. इंग्रजीतून कन्नड शिकवणाऱ्या पुस्तकांत या रचनांवर पानंच्या पानं खर्च झालेली असतात, मराठी माणसाने ती सरळ उलटावीत.

दोन गोष्टी तर मराठीपेक्षा हलक्या आहेत. निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, त्यामुळे तो दगड, ती भिंत, ते दार असं काही लक्षात ठेवायचं नाही. आणि वीसच्या पुढचे आकडे नियमाने चालतात: इप्पत्तु वीस, इप्पत्तोंदु एकवीस, मूवत्तोंबत्तु एकोणचाळीस. मराठीसारखं एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता कुठे अडतं ते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी अडचण ऱ्हस्व 'ए' आणि ऱ्हस्व 'ओ' यांची. मराठीत हे स्वर आपण एकाच मापाने म्हणतो, कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन वेगळी अक्षरं आहेत. बाजारातलं उदाहरण घ्या. 'बेळे' यातला पहिला ए तोडून आखूड म्हटला तर अर्थ पीक. तोच लांबवला तर डाळ. आणि ए आखूड ठेवून ळ च्या जागी ल आला तर किंमत. रविवार पेठेत उभं राहून डाळीची किंमत विचारताना हे तिन्ही शब्द एका मिनिटात लागतात. 'कोडु' चंही तसंच, आखूड ओ असेल तर 'दे', लांब असेल तर 'शिंग'. वहीत कन्नड शब्द देवनागरीत उतरवत असाल तर ऱ्हस्व ए-ओ च्या डोक्यावर स्वतःची एखादी खूण, साधं टिंब चालेल, पहिल्या दिवसापासून करत जा. नंतर सुधारणं फार कष्टाचं होतं, कारण चुकीचा उच्चार तोंडात बसलेला असतो आणि समोरचा संदर्भावरून समजून घेत असल्यामुळे कोणी टोकत नाही.

दुसरी अडचण ऐकण्याची. ओंबत्तु नऊ, एंबत्तु ऐंशी, तोंबत्तु नव्वद. एप्पत्तु सत्तर. गोंगाटात हे चारही एकमेकांत मिसळतात आणि ८० ची भाजी ९० ला पडते. यावर उपाय सोपा आहे. घरात कोणाला तरी हे चार आकडे उलटसुलट म्हणायला लावा आणि तुम्ही नुसते अंकात लिहा. वीस-वीसचे पाच फेरे झाले की कान बसतो. भाव ठरवताना आकडा स्वतः परत म्हणून दाखवायची सवय मात्र कायम ठेवा.

तिसरी, 'नाही' ची. कन्नडमध्ये दोन आहेत. 'इल्ल' म्हणजे नाही, अस्तित्वात नाही, जवळ नाही. 'अल्ल' म्हणजे नव्हे. घरी साखर नाही तिथे इल्ल, ही साखर नव्हे तिथे अल्ल. मराठीत आपण बोलताना दोन्हीकडे 'नाही' वापरायला लागलो आहोत, त्यामुळे चूक होते. मनात 'नव्हे' घालून बघा, बसलं तर अल्ल.

चौथी प्रत्ययाची. 'ला' साठी कधी -गे येतो, कधी -क्के. अ ने संपणाऱ्या निर्जीव नामाला -क्के (केलसक्के, कामाला), बाकीच्यांना -गे किंवा -इगे (मनेगे, घराला, ऊरिगे, गावाला). एवढा नियम पहिल्या सहा महिन्यांना पुरतो.

पाचवी गोष्ट चुकीची नाही पण महागात पडते. ज्यांनी कन्नड मैदानावर, गल्लीतल्या पोरांसोबत ऐकून उचलली, त्यांच्या तोंडात 'बारो', 'होगो' अशी अरे-तुरेची रूपं बसलेली असतात. तीच तहसीलदार कचेरीत बाहेर पडली की काम अडतं. इकडच्या कन्नडमध्ये आदराची एक सोय आहे, शेवटी 'री' लावायचं: हौद्री, इल्री, बर्री, एष्ट्री. अनोळखी माणसाशी बोलताना प्रत्येक वाक्याला री लावलं तरी कोणाला जास्त वाटत नाही. लहानांशीही आधी री ने सुरुवात करावी.

पुस्तकातली एक, पेठेतली एक

यूट्यूबवरचे आणि मोबाईलवरचे बहुतेक कन्नड धडे बेंगळुरूत नोकरीला येणाऱ्यांसाठी केलेले असतात. ते करून माणूस बैलहोंगलच्या बाजारात गेला की गोंधळतो, कारण त्याने 'इदे' पाठ केलेलं असतं आणि ऐकू येतं 'ऐति'. 'बेड' च्या जागी 'ब्याड', 'माडुत्तिद्देने' च्या जागी 'माडाकत्तेनि', 'होगुत्तेने' च्या जागी 'होक्केनि', 'कूतुकोळ्ळि' च्या जागी 'कुंदर्री'. वर्तमानपत्र, अर्ज, नोटीस मात्र पुस्तकी भाषेत.

म्हणून वहीचं पान उभं दोन भागांत करावं. डावीकडे वाचायची भाषा, उजवीकडे बोलायची. दोन्ही रूपं शिकायची, पण तोंडाने उजवीकडचीच म्हणायची. बेंगळुरूची भाषा इथे बोललेली समजते, पण समोरच्याला तुम्ही परगावचे वाटता आणि तो लगेच हिंदीवर येतो.

हे दुसऱ्या भाषेवर घसरणं ही बेळगावातली खरी अडचण आहे. इथे दुकानदाराला कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही येतात. तुम्ही अडखळलात की तो चांगुलपणाने मराठीत बोलतो आणि तुमचा सराव तिथेच थांबतो. दोन वाक्यं पहिल्याच आठवड्यात पाठ करा: 'कन्नडदाग हेळ्री' (कन्नडमध्ये सांगा) आणि 'स्वल्प निधान हेळ्री' (जरा सावकाश सांगा). आणि एक-दोन माणसं ठरवून टाका, दूधवाला, शेजारच्या काकू, ऑफिसातला एखादा सहकारी, की यांच्याशी यापुढे कन्नडच. नातं आधी मराठीत जमलेलं असेल तर ते कन्नडमध्ये वळवणं जड जातं. नवा माणूस निवडलेला बरा.

लिपी: तीन-चार आठवडे, त्याहून जास्त नाही

बोलता येतं पण वाचता येत नाही, अशी मराठी माणसं या भागात घरटी सापडतील. त्यांनी लिपीपासूनच सुरुवात करावी. १३ स्वर, ३४ व्यंजनं आणि अनुस्वार-विसर्ग मिळून ४९ अक्षरं. क्रम देवनागरीचाच, क ख ग घ, त्यामुळे वर्णमाला नव्याने पाठ करायची नाही, फक्त आकार. रोज अर्धा तास दिला तर तीन-चार आठवड्यांत अडखळत का होईना वाचता येतं.

गोंधळ होतो तो व, प, म, ष या चार आकारांत आणि द, ध, थ या तिघांत. ही दोन टोळकी एकत्र समोर ठेवून शिकावीत, वेगवेगळी शिकली की नंतर मिसळतात. महाप्राण अक्षरांपैकी बऱ्याच अक्षरांना खाली एक छोटी उभी रेघ असते, द वरून ध, ब वरून भ, ड वरून ढ, हे ध्यानात आलं की ओझं कमी होतं.

जोडाक्षराची पद्धत देवनागरीच्या उलट आहे. आपण पहिलं अक्षर अर्धं करतो. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं लहान होऊन त्याच्या खाली बसतं. शिवाय मात्रा दिसते वरच्या अक्षराला, उच्चार होतो खालच्यानंतर. रफार तर अक्षराच्या डोक्यावर नसतोच, कन्नड नऊच्या आकड्यासारखं एक चिन्ह अक्षराच्या मागे येतं. 'कर्नाटक' हा शब्द दिवसातून दहा ठिकाणी दिसतो, त्यात ना च्या मागे ते चिन्ह शोधा.

सरावासाठी वेगळं पुस्तक आणायची गरज नाही. मध्यवर्ती बसस्थानकावर अर्धा तास बसा आणि फलक वाचा. गावांची नावं आधीच माहीत असल्याने वाचलेलं बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळतं. बेळगावि मध्ये ऱ्हस्व ए आहे. चिक्कोडि मध्ये क खाली क आणि दीर्घ ओ. निप्पाणि मध्ये प खाली प, मराठीत आपण एकच प लिहितो. हुब्बळ्ळि मध्ये दोन जोडाक्षरं. बैलहोंगल मध्ये ऐ, ऱ्हस्व ओ आणि अनुस्वार. एवढी पाच नावं न अडता वाचता आली तर लिपीतल्या बहुतेक अवघड जागा झाल्या.

यानंतर घरातला पहाणीचा, म्हणजे शेतजमिनीच्या नोंदीचा, उतारा काढा. सर्वे नंबर, हिस्सा, विस्तीर्ण, एकरे, गुंटे, खाते, हक्कु, ऋण. लिपी उलगडली की निम्मे शब्द ओळखीचेच निघतात. अर्जाचंही तसंच: अर्जिदार, दिनांक, सहि, ग्राम, तालूक, जिल्ले. वेगळे पाठ करायचे ते थोडेच, हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, विळास म्हणजे पत्ता. ओळखीचे वाटणारे पण अर्थ बदललेले काही शब्दही आहेत. अवसर म्हणजे तिथे घाई, अनुमान म्हणजे शंका. असे शब्द भेटतील तसे वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहीत जा.

पुढची पायरी मला सगळ्यांत परिणामकारक वाटते. एकाच दिवसाचं मराठी आणि कन्नड वर्तमानपत्र घ्यायचं, बेळगावचं 'तरुण भारत' आणि 'प्रजावाणी', 'विजय कर्नाटक' किंवा 'संयुक्त कर्नाटक' यातलं कुठलंही. स्थानिक पानावर दोन्हीकडे आलेली एखादी बातमी शोधायची, पाणीपुरवठा, अपघात, ऊसदर, काहीही. मराठीत आधी वाचायची, मग कन्नडमध्ये. मजकूर माहीत असल्याने शब्दकोश लागत नाही, अर्थ आपोआप जुळतो. रोज एकच बातमी, दहा ओळींची. त्याआधीची पायरी हवी असेल तर घरात शाळेत जाणाऱ्या मुलाचं कन्नडचं पुस्तक आहेच. ऐकण्यासाठी आकाशवाणी धारवाड लावून ठेवा, तिथली भाषा स्वच्छ असते आणि बेंगळुरूपेक्षा इकडच्या कानाला जवळची.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून इथे भाषेचा प्रश्न नुसता शिकण्याचा राहिलेला नाही, आणि कन्नड शिकणं म्हणजे मराठीची बाजू सोडणं, अशी भावना अनेक घरांत आहे. ती भावना मी हलकी मानत नाही. पण मराठीतून कागदपत्रं मिळावीत ही मागणी आणि हातातला कन्नड कागद स्वतः वाचता येणं, यांत विरोध नाही. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. त्यावर आलेलं उत्तर कन्नडमध्ये असेल आणि ते वाचून दाखवायला एजंटाला पैसे मोजावे लागत असतील, तर मागणी करणाऱ्याचीच बाजू लंगडी पडते.

कोकणी: जवळची, म्हणूनच निसटणारी

खानापूर तालुक्यातून, बेळगावच्या भाजी बाजारातून गोव्याशी रोजचा व्यवहार असणाऱ्यांसाठी कोकणी उत्तम निवड आहे. १९८७ च्या कायद्याने गोव्याची राजभाषा देवनागरीतली कोकणी झाली, त्यामुळे लिपीचा खर्च शून्य.

अडचण उलटीच आहे. ऐकलेलं इतकं समजतं की शिकायचं काही उरलं आहे असं वाटतच नाही, आणि बोलताना माणूस कोकणी हेल काढून मराठीच बोलतो. समोरचा गोवेकर मग मराठीतच उत्तर देतो. यावर मार्ग म्हणजे सगळ्यांत जास्त लागणारी रूपं आधी पक्की करायची आणि ती मराठीत अजिबात म्हणायची नाहीत: आसा, ना, जाय, नाका, हांव, म्हाका, वता, येता, कितें, खंय, केन्ना, कित्याक. 'म्हाका जाय' म्हणजे मला पाहिजे, जाण्याशी संबंध नाही. भूतकाळात 'हांवें केलें' असं येतं, 'मी' आणि 'मी ने' वेगळे पडतात. हे सुटलं की बाकीचे शब्द मराठीतून ओढून आणले तरी वाक्य कोकणीच वाटतं. ख्रिस्ती समाजातलं बरंच लेखन रोमी लिपीत आहे आणि मंगळूरकडची कोकणी कन्नड लिपीतही लिहितात, म्हणून वाचनाची आवड असेल तर कन्नड लिपी इथेही कामाला येते.

जर्मन, जपानी

जर्मनीत नर्सची मान्यता मिळवायला बहुतेक राज्यांत बी२ लागतं. हे काम नेमकं आहे, फळ मोठं आहे, म्हणून वर सांगितलेले १८ ते २४ तास ज्यांना देता येतात त्यांनी जरूर घ्यावी. मराठीचा फायदाही होतो. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, मात्र जुळत नाहीत: जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे. म्हणून नुसता शब्द कधीच पाठ करायचा नाही, लिंग दाखवणाऱ्या डेर, डी, दास सकटच. आकड्यांत एकवीस म्हणजे 'एक आणि वीस', आधी एकं मग दहं, अगदी आपल्यासारखं. मनात इंग्रजीतून भाषांतर करणारे इथे हमखास ४२ चे २४ करतात. 'कारण' ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही मराठी कानाला खटकत नाही. थेट मराठीवरून शिका, मध्ये इंग्रजी आणू नका.

गोएथेच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग असतात आणि पासला ६० टक्के. बी१ आणि बी२ ला प्रत्येक भागात वेगळे ६० लागतात, पण राहिलेला भाग पुन्हा देता येतो. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचं सहसा ऐकण्यात अडतं, कारण क्लासमध्ये ऐकलेला आवाज एकट्या शिक्षकाचा असतो. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ए१ ते बी१ पर्यंतचा व्हिडिओ कोर्स आणि सावकाश वाचलेल्या बातम्या मोफत आहेत, त्या रोज लावाव्यात.

जपानीची वाक्यरचना मराठीला जर्मनपेक्षाही जवळची आहे. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि नामाच्या मागे लागणारे छोटे शब्द आपल्या विभक्तीसारखे. त्यामुळे पहिले तीन महिने फार छान जातात. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची ४६-४६ अक्षरं महिन्याभरात होतात. मग कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं, सुरू होते. नेहमीच्या वापरासाठी ठरवलेली यादीच २,१३६ चिन्हांची आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी हिंदीला ११०० आणि जपानीला २२०० वर्गतास धरते. मराठी माणसाचा रचनेतला वेळ वाचेल, चिन्हांचा नाही. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुणे आणि बेंगळुरूला केंद्रं आहेत. तिच्यात बोलण्याची चाचणी नाही, सगळे पर्यायी प्रश्न. म्हणून एन४ चं, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीचं, प्रमाणपत्र हातात आणि मुलाखतीत तोंड बंद, असं घडतं. जपानी घेणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा तरी कोणाशी बोलायची सोय बघितलीच पाहिजे.

उर्दूबद्दल थोडक्यात. हिंदी येत असेल तर बोलणं निम्मं झालेलंच आहे. लिपी उजवीकडून डावीकडे आणि ऱ्हस्व स्वर बहुधा न लिहिता, त्यामुळे अक्षर जुळवून नाही, शब्दाचा आकार ओळखून वाचायला शिकावं लागतं. शेजारी उर्दू वर्तमानपत्र येत असेल तर हाती घ्यायला हरकत नाही.

फी भरण्याआधी

निवडलेली भाषा तीन आठवडे घरच्या घरी करून बघा. रोज ४० मिनिटं, कॅलेंडरवर फुली. १८ पैकी १४ दिवस भरले आणि त्या काळात त्या भाषेतलं एक तरी संभाषण, मोडकंतोडकं का असेना, झालं, तर पुढे जा. दिवसच भरले नसतील तर भाषा बदलून उपयोग नाही, वेळ बदला. रात्री दहाला ठेवलेला अभ्यास पहाटे किंवा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत न्या. दिवस भरले पण बोलायला माणूसच सापडला नसेल, तर भाषा बदला.

क्लासवाल्याला चार गोष्टी विचारा. बॅचमध्ये किती जण? १५ जणांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं बोलणं येतं, तेही शिक्षक काहीच बोलला नाही तर. ए२ च्या पुढची बॅच इथे चालते का, की तिथून पुणे किंवा ऑनलाइन? मधली पातळी संपल्यावर बॅच भरत नाही म्हणून बंद पडते आणि विद्यार्थी अर्ध्यावर राहतो, हे लहान शहरांत नेहमीचं आहे. परीक्षेची फी आणि प्रवास धरून आकडा किती? आणि पातळीगणिक तासिका किती? तीन महिन्यांत बी१ म्हणत असतील तर ३५० तासिका १२ आठवड्यांनी भागा: आठवड्याला २९, म्हणजे जवळपास २२ तास वर्गात. तेवढं वेळापत्रक ते दाखवत असतील तर ठीक. आठवड्याला सहा तासांचंच दाखवत असतील तर तेवढ्यात ए१ च होईल, आणि फीही ए१ चीच द्यावी.